किप्पूरच्या मिन्हाला मुलगा उठून गेला

इस्राएलमधल्या अशदोदहून एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून इथे आलेल्या मराठी ज्यू, घरातल्या आईने पत्र लिहिलंय. त्याचा सारांश असा. मुलगा २३ वर्षांचा, सैन्यातली सेवा संपवून घरी आलेला. गेल्या किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, मिन्हाच्या (दुपारच्या प्रार्थनेच्या) वेळी धर्मग्रंथ तोरा वाचला जात असताना त्याने तल्लीथ, प्रार्थनेची शाल, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि तो सिनेगॉगबाहेर निघून गेला. रात्री उपास सोडल्यावर त्याने सांगितलं की मी गे आहे, शाळेत असल्यापासून मला ठाऊक आहे. तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नाहीत, शब्बाथला हातबोशीही (हात हातात घेऊन बोटं ओठांना लावायचं आपलं अभिवादन) देत नाहीत. मोठे दीर म्हणतात, ओळखीचे एक रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आहेत, ते अशा मुलांना 'बरं' करतात. नाहीतर लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. धाकट्या मुलीचं लग्न ठरत आलंय. पत्राच्या शेवटी तीन प्रश्न आहेत. माझं काय चुकलं? धर्माचं ऐकू की मुलाचं? आणि त्याचा एक मित्र आहे, त्याला शुक्रवारी जेवायला बोलावू का?

ताई, या सगळ्याकडे येतेच. पण पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, आधी ते घेते. "धड जेवत नाही, पहाटेपर्यंत जागा असतो, परवा म्हणाला की मी नसतो तर तुमचं सगळं सुरळीत झालं असतं." हे वाक्य रागातून आलेलं असेल, थकव्यातून असेल किंवा खरोखर जीव देण्याच्या विचारातून असेल. बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून विचारायचं. आजच, दोघंच असताना, आडवळण न घेता विचारा: "तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?" आईवडिलांना भीती वाटते की विचारलं तर आपणच ते त्याच्या डोक्यात घालू. तसं होत नाही. वीस-बावीस वर्षं समुपदेशनाचं हे काम करतेय. हा प्रश्न कानावर पडल्यावर माझ्यासमोर बसलेल्या मुलांचे खांदे सैल पडलेले मी पाहिलेत, कारण कोणीतरी एकदाचं विचारलेलं असतं.

उत्तर 'हो' आलं, किंवा तो नुसताच गप्प राहिला, तर त्याला एकटं ठेवू नका. त्याच दिवशी कुपत होलिमच्या, म्हणजे आपल्या आरोग्य विमा संस्थेच्या, डॉक्टरांकडे जा. रात्र असेल तर एरान या मदतवाहिनीचा १२०१ हा नंबर आहे. धोका समोर दिसत असेल तर रुग्णवाहिकेचा १०१ फिरवा किंवा सरळ इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्या. तो राखीव दलात असेल आणि त्याचं शस्त्र घरी असेल, तर युनिटशी बोलून ते काही काळ घराबाहेर ठेवायची सोय करा. गोळ्यांची कपाटंही आवरून कुलपात ठेवा. यात त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. वाईट घटका आली तर ती टळेपर्यंत हाताशी काही नसावं, एवढ्यासाठी हे करायचं. खालचं सगळं यानंतर वाचलंत तरी चालेल.

आता त्याच्या उठून जाण्याबद्दल. माझी आजी किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणायची, कोकणातला जुना शब्द. दारं लावून, पांढरे कपडे घालून दिवसभर घरात राहायचं आणि आपला हिशेब देवासमोर मांडायचा. आज आपण तो दिवस सिनेगॉगमध्ये काढतो आणि मिन्हाला वायिक्राचं, म्हणजे तोराच्या तिसऱ्या पुस्तकाचं, १८वं प्रकरण ऐकतो. त्यातल्या २२व्या वचनात पुरुषाने पुरुषाशी स्त्रीसारखा संग करू नये, ते 'तोएवा', म्हणजे घृणास्पद, आहे, असं म्हटलंय. तुमच्या-माझ्या कानावरून ते वर्षातून एकदा जाऊन जातं. दुपारची वेळ, पोटात काही नाही, लक्ष निम्मं घड्याळाकडे. पण बार मित्झ्वापासून, म्हणजे तेराव्या वर्षापासून, तुमच्या मुलाने ते दरवर्षी बाबांच्या शेजारी बसून ऐकलंय. आजूबाजूला सगळे काका-मामा असताना आपलंच नाव घेऊन कोणी वाचतंय असं त्याला वाटलं असणार. धार्मिक घरातली जी मुलं माझ्याकडे येतात त्यांतली बरीच हीच दुपार सांगतात. एकजण त्या वेळेला न चुकता शेजाऱ्यांचं बाळ घेऊन अंगणात जायचा. एकजण पुढची पानं उलटून योनाची गोष्ट वाचत बसायचा, कारण ती लगेच त्यानंतर येते आणि तिच्यात देव सगळ्या शहराला माफ करतो. तुमचा मुलगा इतकी वर्षं जागचा हलला नाही. यंदा हलला आणि त्याच रात्री तुमच्याशी बोलला. मला विचाराल तर त्याने तुमच्यावर फार मोठा विश्वास टाकलाय.

"माझं काय चुकलं?" काहीच नाही. त्याला जास्त जवळ घेतलंत म्हणून नाही, कामावर जात होतात म्हणून नाही, बाबा कडक म्हणून नाही, सैन्यात कोणी बिघडवलं म्हणूनही नाही. आईबापांच्या वागण्यातून माणूस समलिंगी होतो, ही समजूत एकेकाळी आमच्याच व्यवसायाने पसरवली आणि त्यापायी अनेक आया आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिल्या. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली काढली. जो आजारच नाही त्याला कारण शोधायचं नसतं, औषधही शोधायचं नसतं.

मग तो झोपत का नाही? समलिंगी असण्याने नव्हे, तर ते लपवण्याने आणि आता लपवता न येण्याने. आमच्या शास्त्रात याला अल्पसंख्याकत्वाचा ताण म्हणतात. इलान मायर या संशोधकाने २००३ साली तो नीट मांडला. सरळ मराठीत सांगायचं तर सतत पहाऱ्यावर असलेलं मन. शाळेच्या मैदानावर 'होमो' ही शिवी दिवसातून दहा वेळा कानावर पडते, आपणही हसतो, न हसलो तर संशय येईल. आवाज, हात, चाल, फोनमधले फोटो, सगळ्यावर स्वतःच लक्ष ठेवायचं. २०१५च्या जुलैत जेरुसलेमच्या प्राइड मिरवणुकीत एका हरेदी, म्हणजे अतिकर्मठ ज्यू, माणसाने सहा जणांना भोसकलं आणि शिरा बांकी ही १६ वर्षांची मुलगी गेली, तेव्हा तुमचा मुलगा बार मित्झ्वाच्या वयाचा असेल. घरी टीव्हीवर ती बातमी लागली असेल. तेव्हा घरात कोण काय बोललं ते तुम्ही विसरला असाल. त्याने ते लक्षात ठेवलेलं असू शकतं. अशी वाक्यं मुलं वर्षानुवर्षं मनात जपून ठेवतात, कारण सांगावं की नाही याचा अंदाज त्यांना त्यावरूनच बांधायचा असतो.

ज्यू घरातल्या मुलांचा ताण थोडा वेगळा असतो, हे माझं स्वतःचं निरीक्षण. आपल्याकडे धर्म सिनेगॉगपुरता राहत नाही. तो स्वयंपाकघरात असतो, कॅलेंडरात असतो, शुक्रवारच्या टेबलावर, आजोबांच्या कद्दीशमध्ये, मृतांसाठीच्या प्रार्थनेत, असतो. असं घर तुटतं तेव्हा मुलाचे आईवडील तुटतातच, पण शनिवार, पेसाखचा सण, मलिदा, सगळं एकदम जातं. न्यूयॉर्कच्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरा काटेकोर पाळणाऱ्या, घरातल्या मुलांसाठी २००१पासून जेक्यूवाय नावाची संस्था काम करतेय. धर्मही हवा आणि स्वतःचं असणंही नाकारायचं नाही, अशा मुलांसाठी वेगळी जागा लागते, हे तिथल्या लोकांनी फार लवकर ओळखलं. इथे धार्मिक समलिंगी स्त्रियांसाठी बात कोल ही संस्था २००५पासून आहे, तशा पुरुषांसाठी हावरुता. ही माणसं शब्बाथ पाळतात, कोशर खातात आणि समलिंगी आहेत. तुमच्या मुलाला हे ठाऊक असेल-नसेल. त्याच्या बाबांना नसणार, याची मला जवळपास खात्री आहे.

आता एक आकडा सांगते. आईबाबांना घाबरवायला नाही, त्यांच्या हातात किती आहे ते कळावं म्हणून. अमेरिकेत केटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी २१ ते २५ वयाच्या समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. ज्यांना किशोरवयात घरून जास्त झिडकारलं गेलं होतं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेला असण्याची शक्यता, फारसं न झिडकारलेल्यांच्या तुलनेत, ८.४ पट निघाली. तीव्र नैराश्याची ५.९ पट. झिडकारणं म्हणजे घरातून हाकलणंच असं नाही. त्याच्यासमोर त्या विषयावर गप्प बसणं, मित्राचं नाव निघालं की टेबलावरून उठणं, नातेवाइकांसमोर त्याला नीट वागायला बजावणं, हेही त्यात मोडतं. उलट बाजूने, अमेरिकेतल्याच ट्रेव्हर प्रोजेक्टच्या २०१९च्या पाहणीत असं दिसलं की स्वीकारणारी निदान एक प्रौढ व्यक्ती आयुष्यात असेल तर आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी असतं. एक व्यक्ती, ताई. सगळं खानदान नव्हे, सिनेगॉगची कमिटी नव्हे. सध्या ती व्यक्ती तुम्ही आहात. दीर काय म्हणतात ते ठरायच्या आधीच तुम्ही हे काम सुरू करू शकता.

मोठ्या दिरांच्या सल्ल्याबद्दल मी अजिबात मऊ बोलणार नाही. 'बरं करणारे' उपचार, ज्याला इथे टिपुले हमारा म्हणतात, ते कोणाला बदलत नाहीत आणि मोडून मात्र ठेवतात. इस्राएलच्या वैद्यकीय संघटनेने २०१९ साली डॉक्टरांना ते करायला बंदी घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आरोग्य मंत्रालयाने आरोग्य व्यवसायातल्या सगळ्यांवर घातली. रब्बी किंवा 'मार्गदर्शक' त्या व्यवसायात मोडत नाहीत, म्हणून ही दुकानं अजून दुसऱ्या नावाने चालतात. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये जोना नावाची ज्यू संस्था हेच करत होती. काही तरुणांनी तिला कोर्टात खेचलं. २०१५ साली ज्युरीने निकाल दिला की ही ग्राहकांची फसवणूक आहे, आणि संस्था बंद करावी लागली. त्या तरुणांनी तिथल्या उपचारांबद्दल जे सांगितलं त्यात एक असं होतं, की समोर उशी ठेवून ती आपली आई आहे असं समजायचं आणि तिला रॅकेटने मारायचं. "माझं काय चुकलं" हा तुमचा प्रश्न वाचताना मला ती उशी आठवली.

माझ्याकडे असे उपचार घेऊन आलेल्या माणसांची गोष्ट साधारण सारखीच असते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एक सांगते. एका तरुणाला घरच्यांनी दोन वर्षं एका 'मार्गदर्शका'कडे पाठवलं. दर आठवड्याला मनात काय आलं ते वहीत लिहून द्यायचं आणि आकडा कमी होतोय हे दाखवायचं. त्याने खोटे आकडे लिहिले. मार्गदर्शक खूश, वडील खूश. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला पुरुष आवडणं थांबलेलं नव्हतं. थांबलं होतं ते प्रार्थना करणं. तेफिलाला उभा राहिला की त्याला ती वही आठवायची. मुलगा धर्मात राहावा म्हणून पाठवलेलं, आणि धर्मच हातचा गेला.

लग्नाचा उपाय त्याहून वाईट, कारण त्यात आणखी एक मुलगी बुडते. हे मी एकटी म्हणत नाही. २०१० साली अमेरिकेत ऑर्थोडॉक्स रब्बींनी एक निवेदन काढलं आणि शंभरावर रब्बी-शिक्षकांनी त्यावर सह्या केल्या. समलिंगी विवाहसोहळ्याला आशीर्वाद देता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे ही मंडळी उदारमतवादी नव्हेत. तरीही तेच निवेदन सांगतं की समलिंगी माणसाला विरुद्धलिंगी व्यक्तीशी लग्न करायला उत्तेजन देऊ नये, बदलाचे उपचार नाकारायचा त्याला अधिकार आहे, आणि सिनेगॉगमध्ये व शाळेत त्याचं पूर्ण सभासद म्हणून स्वागत व्हावं. दिरांना मानसशास्त्र पटणार नसेल तर हे दाखवा.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. धर्माचं ऐकू की मुलाचं? मी रब्बी नाही आणि हलाखा, म्हणजे धर्माचा कायदा, बदलायचा मला अधिकार नाही. ऑर्थोडॉक्स परंपरेत तो निषेध आजही उभा आहे, आणि तो नाहीच असं सांगून मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. पण तो निषेध कृतीचा आहे. कोणाकडे मन ओढतं यावर पाप लागत नाही, त्यामुळे कोणी मिन्यानमधून, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांतून, वगळला जात नाही. जे उघडपणे शब्बाथ मोडतात त्यांनाही आपण सिनेगॉगमध्ये बसू देतो, हातबोशी देतो, त्यांच्या मुलांच्या लग्नाला जातो. मग याच एका मुलासाठी वेगळा न्याय कुठून आला? हा प्रश्न मी घराघरांत विचारलाय आणि त्याचं उत्तर हलाखातून आलेलं मी अजून ऐकलं नाही. 'लोक काय म्हणतील' इथूनच ते येतं.

आणि त्याच १८व्या प्रकरणात, २२व्या वचनाच्या कितीतरी आधी, ५वं वचन आहे: माझे नियम पाळा, जो ते पाळेल तो त्यांच्यामुळे जगेल. 'त्यांच्यामुळे जगेल, मरेल नव्हे' असा अर्थ गमाराने, म्हणजे तल्मूदमधल्या चर्चेने, काढला आणि जीव वाचवण्यासाठी शब्बाथही मोडावा या पिकुआख नेफेशच्या तत्त्वाला त्यातून आधार दिला. किप्पूरला तुमच्या मुलाने ती दोन्ही वचनं एकाच बैठकीत ऐकली. माणसाला चारचौघांत लाजवणं हे रक्त सांडण्यासारखं आहे, हेही गमाराचंच. जेरुसलेमचे ऑर्थोडॉक्स रब्बी बेन्नी लाऊ यांनी २०२०च्या ऑक्टोबरात अशा कुटुंबांसाठी मार्गदर्शक मुद्दे लिहिले, तेव्हा सुरुवात तोराच्या पहिल्या पुस्तकातल्या, बेरेशीतमधल्या, 'माणसाने एकटं असणं बरं नाही' या वचनापासून केली. ब्रिटनचे मुख्य रब्बी एफ्राइम मिर्विस यांनी २०१८ साली ऑर्थोडॉक्स शाळांसाठी एक पुस्तिका काढली, विषय एकच, एलजीबीटी विद्यार्थ्यांची खुशाली. निषेध मान्य असलेल्या माणसांनी ही पावलं उचललीत. ज्यूंमधले रिफॉर्म आणि कन्झर्वेटिव्ह पंथ आणखी पुढे गेलेत. कन्झर्वेटिव्हांनी २००६ साली माणसाच्या प्रतिष्ठेच्या, म्हणजे कवोद हब्रियोतच्या आधारावर समलिंगी रब्बींना वाट मोकळी करणारा निर्णय मान्य केला, आणि त्याच दिवशी विरुद्ध मतही मान्य केलं. पण तुमचं घर त्या पंथांतलं नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

म्हणजे ताई, निवड तुम्ही समजता तशी नाही. हलाखाचा प्रश्न तुमचा मुलगा आणि देव यांच्यामधला आहे. तो आयुष्यभर चालेल, त्याचं त्यालाच सोडवू दे. तुमच्यापुढचा प्रश्न त्याला घरात श्वास घेता येतो का एवढाच आहे, आणि त्यासाठी कुठल्याही रब्बीची परवानगी लागत नाही.

हे सगळं बेने इस्राएल माणसाने समजून घ्यायला एक कारण आहे आणि ते मी बाबांना उद्देशून लिहितेय. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बीनेटने, म्हणजे ज्यूंची लग्नं लावणाऱ्या सरकारमान्य धर्मपीठाने, सूचना काढली की बेने इस्राएल मुलामुलीच्या लग्नाआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा. शेकडो वर्षं कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपण शनिवार तेली. शेमाची प्रार्थना विसरलो नाही, सुंता विसरलो नाही. आणि इथे आल्यावर विचारलं गेलं की तुम्ही लग्न करण्याइतके ज्यू आहात का. आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडलं, आणि १९६४च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटला, इथल्या संसदेला, ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. माझ्या मामांचं लग्न त्या भानगडीत अडकलं होतं. ते नंतर पुष्कळ जगले, पण रब्बीनेटच्या इमारतीसमोरून गेले की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालायचे. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. पण आपल्या असण्यावर दुसऱ्याने शिक्का मारायचा आणि तो मिळेपर्यंत दारात उभं राहायचं, हे कसं वाटतं ते बाबांच्या वडिलांना ठाऊक होतं. ते असते तर नातवाशी काय बोलले असते, एवढं एकदा बाबांना विचारून पाहा. उत्तराचा आग्रह धरू नका.

बाबांच्या अबोल्याचा अर्थ तुम्ही तिरस्कार असा लावू नका आणि मुलालाही लावू देऊ नका. आमच्या कामात बाप बहुधा आईच्या सहा महिने मागे असतो. त्याने मनात रंगवलेलं चित्र मोडलेलं असतं: सुनेचं घरात येणं, नातवाचा ब्रीत (सुंतेचा विधी), आपल्यामागे कद्दीश म्हणणारं कोणीतरी. त्या दुःखाला जागा द्यायला हवी, फक्त ती मुलाच्या समोर नको. 'तुला हे मान्य आहे का' असं बाबांना विचारू नका, 'नाही' हेच तोंडून येईल आणि मग त्या 'नाही'ला ते बांधले जातील. त्याऐवजी एक कृती मागा. शब्बाथला हातबोशी द्या, बस्स. तोंडाने काही बोलू नका. दोन्ही हातांत हात घ्यायचा आणि बोटं ओठांना लावायची, याला शब्द लागत नाहीत. एका घरात याच एवढ्यावर चौदा महिन्यांची कोंडी फुटलेली मी पाहिलीय. आणि नातवाचं म्हणाल तर २०२२च्या जानेवारीपासून इथे समलिंगी जोडप्यांना सरोगसीची वाट कायद्याने खुली आहे. लग्न रब्बीनेटमध्ये लागणार नाही, पण परदेशात केलेल्या समलिंगी लग्नाची नोंद गृहखात्याला २००६च्या कोर्टाच्या निकालापासून करावी लागते. हे आज सांगायची घाई नको. बाबा स्वतःहून विचारतील तेव्हा तुमच्याकडे उत्तर असू दे.

मुलीच्या लग्नाचं: व्याह्यांना सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे मुलाच्या हातात ठेवा. गुपित त्याचं आहे. पण 'बहिणीचं लग्न होईपर्यंत गप्प बस' असं त्याला सांगू नका. त्याला ऐकू येईल ते असं, की तू या घरावरचा डाग आहेस. बहिणीला विश्वासात घेतलंत का? भावंडं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप आधीपासून जाणून असतात. तुमच्यासाठीही कोणी हवं. तेहिला नावाची पालकांची संघटना आहे, जिथे असे आईबाप एकमेकांना भेटतात. हिब्रूत मन मोकळं करायला जड जात असेल तर निदान एक मराठी मैत्रीण शोधा, मात्र मुलाची परवानगी घेऊन.

मुंबई-ठाण्याहूनही अशीच पत्रं येतात, म्हणून दोन शब्द. तिथे आपण आता मोजकेच उरलोय, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि 'जमात संपत चाललीय, तू तरी लग्न कर' हे ओझं मुलांवर इथल्यापेक्षा जास्त आहे. पण सप्टेंबर २०१८ पासून तिथे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, आणि बदलाचे उपचार हे वैद्यकीय गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सांगितलंय. तिथल्या कोणाला रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

ट्रान्स मुलांचं दुःख आणखी वेगळं, आणि ते एका उत्तरात मावणार नाही. एवढंच सांगते की मेखित्झाच्या, म्हणजे सिनेगॉगमधल्या स्त्री-पुरुषांमधल्या पडद्याच्या, कोणत्या बाजूला बसायचं हा प्रश्न दर शनिवारी ज्याच्यापुढे येतो, तो हळूहळू शनिवारी यायचंच थांबवतो. आपण म्हणतो, धर्म सोडला.

मुलासाठी समुपदेशक शोधताना पहिल्या फोनवरच दोन गोष्टी विचारा. समलिंगी असणं बदलता येतं असं तुम्ही मानता का? 'हो' किंवा 'बघू' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. दुसरं, धार्मिक घरातल्या माणसांबरोबर काम केलंय का? कारण 'धर्म सोड, सगळं ठीक होईल' असं सांगणारा समुपदेशकही त्याच्या कामाचा नाही. त्याला धर्म सोडायचा असता तर तो इतकी वर्षं बाबांच्या शेजारी बसला नसता. मानसोपचाराची जबाबदारी २०१५पासून कुपत होलिमकडे आहे, पण रांग लांब असते. नाव आजच घाला.

आणि शुक्रवारच्या जेवणाचं. बोलावू का असं तुम्ही मला विचारता, पण आधी मुलाला विचारा. त्याला बाबांच्या अबोल्यासमोर मित्राला आणायचं नसेल, किंवा तो नुसता मित्रच असेल. म्हणा, "तुला वाटेल तेव्हा त्याला घेऊन ये, मी नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण करीन." तो 'नको' म्हणाला तर कालवण तरीही करा आणि त्याच्या बाबांच्या शेजारची त्याची नेहमीची जागा तशीच मांडा.